बातमीला प्रमाण कोणाचे?

वाचक माउली, कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा राहतो तेव्हा मागे टाळकऱ्यांची ओळ असते, शेजारी विणेकरी असतो, मृदंगाची साथ असते. पण त्याला खरा आधार असतो तो प्रमाणाचा. एक सिद्धांत मांडला की त्याला संतवचनाचे प्रमाण द्यायचे, ही आपल्या वारकरी कीर्तनाची शिस्त आहे. आळंदीला शिकत असताना मी एकदा पाठाच्या वेळी एक दृष्टांत फार रंगवून सांगितला. गुरुजींनी विचारले, "हे कुठे आहे?" मी म्हणालो, "ऐकले आहे." ते म्हणाले, "कुणाकडून?" मला सांगता येईना. "मग बस खाली," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी राग आला होता. पुढे चाळीस वर्षे कीर्तन केले ते त्या दोन प्रश्नांच्या आधाराने, आणि जिथे ते प्रश्न विसरलो तिथे माझ्या हातून काय घडले तेही आज सांगणार आहे.

आता वय ७४ झाले. घसा साथ देत नाही, म्हणून उभ्याने कीर्तन करणे थांबवले. सकाळी नित्यनेम आटोपला की वर्तमानपत्र वाचतो. संध्याकाळी घरातली मंडळी दूरदर्शन संचावर बातम्या लावतात, त्या कानावर पडतात. नातू त्याच्या फोनवर आलेले काहीबाही दाखवतो. या तिन्ही ठिकाणी गुरुजी आठवतात. हे कुठे आहे? कुणाकडून कळले? पुष्कळदा उत्तर सापडत नाही. "असे समजते", "अशी चर्चा आहे", "सूत्रांनी सांगितले". गावात आपण याला "म्हणे" म्हणतो. एवढ्याशा "म्हणे"च्या खुंटीवर कुणाची तरी अब्रू, कधी कधी कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

माझी चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

पुष्कळ वर्षे झाली. एका गावी सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन होते. त्या सकाळी एका वर्तमानपत्रात बातमी होती की शेजारच्या गावातील दिंडीच्या भिशीचे पैसे दिंडीचालकाने खाल्ल्याचा आरोप होत आहे. आरोप कोणी केला, त्या माणसाचे म्हणणे काय, यातले काही नव्हते. मथळा मात्र ठळक होता. मी तो वाचला आणि मला संताप आला. विठ्ठलाच्या नावाने गोळा केलेला पैसा! कीर्तनात मी नाव घेतले नाही. पण "विणा खांद्यावर आणि हात भिशीच्या पेटीत" असे काहीतरी बोललो. मंडप हसला. नाव घेण्याची गरजच नव्हती, कारण ती बातमी सकाळी सगळ्यांनीच वाचली होती.

चार महिन्यांनी हिशेब तपासला गेला. पैसे किराणा व्यापाऱ्याकडे आणि तंबूवाल्याकडे आगाऊ भरलेले होते. पावत्या होत्या. त्या माणसाला कोणी विचारले असते तर त्याने त्याच दिवशी दाखवल्या असत्या. वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाले, "महाराज, पेपर रद्दीत गेला. तुमचे बोलणे मात्र माझ्या नातवंडांच्या शाळेत जाऊन पोचले." दुसऱ्या वर्षी ते वारीत आले. पण पुन्हा त्यांनी विणा कधी खांद्यावर घेतला नाही. दिंडीच्या शेवटी, बायामाणसांच्याही मागे चालत. पुढे एका सप्ताहात मी गादीवरून माझी चूक बोलून दाखवली. पण काल्याला आलेला तो हजारोंचा समाज त्या दिवशी नव्हता. तेव्हा समोर दीड-दोनशे माणसे होती.

माउली, यातून मला एक प्रश्न लागला, तो अजून सुटता सुटत नाही. मी खोटे बोललो का? मला ती गोष्ट खरी वाटली होती. कुणाला फसवावे असे मनात नव्हते. मग दोष कसला?

आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार करून ठेवला आहे. ज्ञान मिळवण्याची साधने म्हणजे प्रमाणे. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ओळखला ते अनुमान. आणि दुसऱ्याने सांगितले म्हणून कळले ते शब्दप्रमाण. आपण जी बातमी वाचतो ती सगळी शब्दप्रमाणाने वाचतो. आपण तिथे गेलेलो नसतो. पण शब्द प्रमाण केव्हा ठरतो? सांगणारा आप्त असेल तेव्हा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे आणि जी जशी आहे तशी जो सांगतो, तो आप्त. वार्ताहर हा समाजाचा आप्त व्हायला निघालेला माणूस आहे. त्याची जागा फार मोठी आहे, म्हणूनच तिथला दोषही मोठा ठरतो.

बोलणाऱ्याचे चार दोष सांगितले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. दोरीला साप समजणे हा भ्रम. जिथे लक्ष द्यायला हवे तिथे न देणे हा प्रमाद. समोरच्याला फसवण्याची इच्छा ही विप्रलिप्सा. आणि डोळा, कान किंवा साधन अपुरे पडणे हे करणापाटव. खोटी बातमी निघाली की आपण लगेच म्हणतो, "विकले गेलेत." म्हणजे आपण फक्त विप्रलिप्सा पाहतो. तीही असते, नाही असे नाही. पण माझा अनुभव सांगतो की बहुतेक अनर्थ प्रमादातून होतात. एक फोन करायचा राहिला. दुसऱ्या बाजूला विचारायचे राहिले. छायाचित्र कुठले आणि केव्हाचे हे पाहायचे राहिले. भ्रम कुणालाही होतो, त्याला क्षमा आहे. प्रमादाला ती सवलत नाही, कारण तिथे सावध राहणे आपल्या हातात होते. माझ्या त्या कीर्तनातला दोष प्रमादाचा होता. "मला खरे वाटले" हे उत्तर पारावर बसलेल्या माणसाला कदाचित चालेल. ज्याच्यापुढे हजार कान उघडे आहेत त्याला ते चालत नाही.

आता जिवावर बेतलेली गोष्ट सांगतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा हे गाव. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. बहुतेक जण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा संदेशांनी फोन भरून गेले होते. जमावाने त्या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ते मुले पळवणारे नव्हते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती.

माउली, ही बातमी परक्याची नाही. आपल्या ज्ञानोबामाउलींची गुरुपरंपरा नाथांची. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून माउलींना मिळालेला तो ठेवा. त्याच नाथांचे नाव घेऊन दारोदार फिरणारी ही माणसे. आणि गाव कोणते? मंगळवेढा. चोखोबांचे, कान्होपात्रेचे, दामाजीपंतांचे मंगळवेढे. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला होती. देहू-आळंदीहून पालख्या निघायला चार-पाच दिवस उरले होते. म्हणजे इकडे आपण लाखोंनी अनोळखी गावांतून चालायला निघत होतो, कुणाच्याही दारात पाणी मागणार होतो, कुणाच्याही ओसरीवर पथारी टाकणार होतो, आणि तिकडे अनोळखी गावात आला एवढ्यावरून माणूस मारला जात होता. वारी कशावर चालते? कळशी भरून दारात उभ्या राहणाऱ्या बाईच्या विश्वासावर. ती नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. अफवा माणसाला मारते, त्याबरोबर ती हा विश्वासही मारते. तो एकदा गेला तर आपली वाट बंद होईल.

कोणी म्हणेल, ते तर फोनवरचे संदेश होते, त्यात पत्रकारांचा काय दोष? संदेश पसरवणाऱ्यांचा दोष पहिला, हे मान्य. म्हणून तर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण अशा दिवसांत छापील शब्दाचे वजन किती वाढते याचा विचार करा. गावात कुजबुज असते तोवर दहातले पाच जण "काहीतरीच" म्हणून सोडून देतात. तीच कुजबुज "टोळीची दहशत?" अशा मथळ्याने छापून आली की ते पाचही गप्प बसतात. पेपरात आलंय ना! म्हणून अफवेच्या काळात पत्रकाराचे काम उलटे असते. ठाण्यात जाऊन विचारायचे, खरेच कुणाचे मूल हरवले आहे का पाहायचे, आणि हरवले नसेल तर तेच ठळक छापायचे. त्याने जीव वाचतात.

त्या मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाचेही थोडे सांगायला हवे. द्रोणाचार्यांनी विचारले तेव्हा धर्मराजाने "अश्वत्थामा मेला" हे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हळू केला. शब्दशः खोटे तो बोललाच नाही. तरी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे महाभारत सांगते. मोठ्या अक्षरांतला आरोप आणि शेवटी एक बारीक प्रश्नचिन्ह, हा आजचा "नरो वा कुंजरो वा" आहे. कायद्याच्या कचाट्यातून त्याने सुटता येईल. रथ मात्र जमिनीला टेकतोच.

दुसरी घटना अवघड आहे, पण टाळणे बरे नव्हे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाने मारले. ते अंत्यविधीसाठी सुरतेला निघाले होते. त्या भागात रात्री चोर फिरतात, मुले पळवणारे येतात अशी अफवा होती. पोलीस तिथे असूनही ते वाचले नाहीत. भगवी वस्त्रे पाहून आपली मान झुकते. त्यांना असे मारलेले पाहून आपल्या काळजाचे पाणी झाले. पण त्याच दिवसांत काय झाले? तपास पुरा व्हायच्या आत हे अमुक धर्माच्या लोकांनी केले असे सूचित करणारी चर्चा पसरली. शेवटी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले की अटक केलेल्या १०१ जणांत मुसलमान एकही नाही. माउली, नीट पाहा. अफवेने तीन जीव घेतले, आणि त्या तीन जिवांच्या नावाने दुसरी अफवा उभी राहिली. आपले दुःख खरे होते. पण दुःख खरे आहे म्हणून त्यावर रचलेले खोटे खरे होत नाही. साधूंचा खरा मान राखायचा तर ज्या विषाने ते मेले ते विष आपण पुढे वाटायचे नाही.

मग कसे वागावे? आपला देवच याला दृष्टांत आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात स्यमंतक मण्याची कथा आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, तो परतला नाही. सत्राजित म्हणाला, कृष्णानेच मण्यासाठी त्याला मारले असावे. पाहिले कोणी नव्हते. कानोकानी ते द्वारकाभर झाले. देव रागावला नाही, सत्राजिताला धरून आणायला त्याने माणसे पाठवली नाहीत. त्याने नगरातली माणसे सोबत घेतली आणि माग काढायला रानात गेला. आधी प्रसेनाचे आणि घोड्याचे प्रेत सापडले. सिंहाने मारल्याच्या खुणा होत्या. पुढे तो सिंहही मेलेला सापडला, अस्वलाने मारलेला. तो माग जांबवंताच्या गुहेपाशी गेला. सोबतची माणसे बाहेर बारा दिवस थांबली आणि दुःखी होऊन परतली. आत झुंज अठ्ठावीस दिवस चालली. मग मणी आला, सभेत सर्वांसमोर सत्राजिताला परत दिला गेला, आणि घडले ते सांगितले गेले. सत्राजिताची मान खाली गेली.

यात वार्ताहराचे सगळे काम आले. जागेवर जाणे. साक्षीदार सोबत ठेवणे. पहिल्या प्रेतापाशी न थांबता माग शेवटपर्यंत काढणे. आणि ज्यांच्या कानी आरोप गेला त्यांच्याच समोर सत्य सांगणे. अठ्ठावीस दिवस लागले तर लागले. आज सांगतात, आधी आम्हीच दाखवले. अर्धा तास आधी दाखवून कुणाचे भले झाले हे कोणी सांगत नाही.

याला दोन आक्षेप येतात, आणि ते रास्त आहेत.

पहिला असा की लोकांना कळण्याचा हक्क आहे, मग थांबायचे का? हक्क आहेच. पण कळणे म्हणजे जे आहे ते कळणे. पूर आला, आग लागली, तर थांबू नये. तेव्हा एवढे कळले आहे, अमक्याने सांगितले आहे, पुढचे अजून कळलेले नाही, असे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. बलवान माणसे "पुरावा कुठे?" म्हणत पत्रकारांचे तोंड बंद करतात. हे खरे आहे, आणि पत्रकाराने भिऊन गप्प बसावे असे मी म्हणणार नाही. आपल्या संतांनी दांभिकांना कधी मुलायम शब्दांत सांगितले? ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, ते नावच सांगते की आरशाने चेहऱ्यावरचा डाग लपवू नये. पण जो डाग नाही तोही आरशाने दाखवू नये. पुढची गोष्ट १८८२ ची. टिळक आणि आगरकर, दोघेही सव्वीस वर्षांचे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो या कळवळ्याने 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी तिथले दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली आणि काही पत्रे छापली. ती पत्रे बनावट ठरली. हेतू चांगला होता, महाराजांबद्दलची काळजी खरी होती, तरी हातातला पुरावा खोटा होता. दोघांनी चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि शिक्षा झाली ती भोगली. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस आगरकरांनी पुढे लिहूनही ठेवले. त्यांची पत्रे बंद पडली नाहीत आणि त्यांच्या लेखणीची धारही गेली नाही. चूक मान्य केली म्हणून पत्रकार लहान होत नाही, याला याहून मोठा दाखला मराठीत कोणता हवा?

आज व्यवस्था आहे. १९७८ च्या कायद्याने चालणारी भारतीय पत्रकार परिषद आहे. छापण्याआधी खातरजमा करा, ज्याच्याविषयी छापता त्याला विचारा, चूक झाली तर ठसठशीत दुरुस्ती करा, असे तिचे संकेत आहेत. पण ती फार तर ताकीद देते, ठपका ठेवते. आणि तिची कक्षा वर्तमानपत्रे व वृत्तसंस्था यांच्यापुरती आहे, वाहिन्या तिच्यात येत नाहीत. तेव्हा शेवटी राहते ते संपादकाचे मन. त्याला माझी एकच विनंती आहे: आरोप ज्या पानावर आणि ज्या अक्षरांत छापला, खुलासाही त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापा. मी दिंडीचालकाची निंदा हजारोंपुढे केली आणि क्षमा दोनशेंपुढे मागितली. तो फरक मला आजही फेडता आलेला नाही.

आणि माउली, आता तुमच्याकडे वळतो. कीर्तनात वक्त्याइतकाच श्रोता जबाबदार असतो. त्या काल्याला मंडप हसला नसता तर मी पुढच्या वाक्याला थांबलो असतो. भडक बातमीला गिऱ्हाईक आहे म्हणून ती विकली जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: दुसऱ्याला उद्वेग न देणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलणे. माउलींनी ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार केला आहे. तेव्हा वाणी म्हणजे जीभ होती. आता आपला अंगठाही वाणी झाला आहे. एकादशीला आपण अन्न सोडतो. ऐकीव गोष्ट पुढे पाठवणे सोडायला एकादशीचीही वाट पाहायला नको.

दिंडीत रात्री मुक्कामी कोणी फोन पुढे करून म्हणाले, "हे पाहा काय झाले," तर गुरुजींचे दोन प्रश्न विचारा. हे कुठे आहे? कुणाकडून कळले? तिसरा माझा जोडा: ज्याच्याविषयी हे आहे, त्याला कोणी विचारले का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर अवश्य बोला, अन्यायाविरुद्ध मोठ्याने बोला. नाही मिळाली, तर फोन खाली ठेवा आणि टाळ हातात घ्या.

ते दिंडीचालक आता नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी विणा दिंडीला परत दिला. पुढच्या वारीत तो दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिला तेव्हा मी नमस्कार केला, आणि मान वर करायला मला थोडा वेळ लागला.

रामकृष्ण हरी.